कळीची लाकडी खेळणी : लेखांक ७ – उलटा हात

बाहुलीचा गुडघा वाकविणाऱ्या जोडदांडीविषयी आज लिहिण्याचा जो वायदा गेल्या आठवड्यात केला होता, तो मिरजेच्या एका वाचकांच्या कैफियतीमुळे तहकूब करीत आहे; आणि या तहकुबीचा मला मनातून आनंदच आहे, कारण त्यांनी मांडलेला प्रश्न माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. शंखाकृती कॅमवर चालणारा त्यांचा लोहार ऐरणीवर बिनतक्रार घण घालीत असता, घरी आलेल्या पाहुण्यांच्या मुलाने दांडा उलटा फिरविला आणि घण उचलणारी उभी दांडी कडकन मोडली. मुलांना ताकीद द्यावी काय, असे ते विचारतात. मुळीच देऊ नये. दांडा दिसला की तो दोन्ही बाजूंनी फिरवून पाहणे ही मनुष्यमात्राची उपजत प्रवृत्ती असून, तिचा बंदोबस्त करणे हे कारागिराचे काम आहे.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाचा जो लाकडी वाघ इंग्रजांनी लंडनला नेला, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीतील ग्रंथालयात असताना येणारेजाणारे त्याचा दांडा इतक्या हौसेने फिरवीत की, त्याखाली पडलेल्या गोऱ्या सोजिराच्या आक्रोशाने तेथील वाचक मंडळी हैराण होऊन गेली. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात काचेआड आहे. त्याच्या गुरगुरण्याची योजना मात्र आपल्या प्रश्नाशी निगडित आहे: वजन ठेवलेला एक भाता दात्यांच्या चाकांनी हळूहळू उचलला जातो आणि स्वतःच्या भाराने खाली बसतो. सावकाश चढणे आणि भाराने पडणे, हेच तत्त्व आपल्या लोहाराच्या घणातही आहे.

आपल्या कॅमचा परीघ मध्यापासून पाऊण इंचावर सुरू होऊन दर तीस अंशांना अर्धे सूत वाढत जातो, तो पुरा फेरा होताच दीड इंचावर पोहोचतो आणि तेथे पाऊण इंचाचा कडा तुटतो. सुलट फिरताना दांडी त्या कड्यावरून निसटून पडते. उलट फिरविताच तोच कडा तिच्या कुशीत भिंतीसारखा आदळतो. दोन्ही अंगांनी सारखा उतार असलेला कॅम बसविल्यास मोडतोड टळेल खरी, परंतु घण पडण्याऐवजी अलगद टेकेल, आणि असा लोहार मला तरी पाहवत नाही. म्हणून उपाय एकच: त्याच आसावर बारा दात्यांचे चाक आणि त्यावर आपल्या भाराने पडणारी खिटी. रहाट उलटा फिरू नये म्हणून जी तजवीज असते, तीच ही. खिटीची खुंटी दात्याच्या टोकापाशी काढलेल्या स्पर्शरेषेवर असावी, म्हणजे उलटा जोर आला तरी खिटी उसळत नाही. तिचा टकटक आवाज मला प्रिय आहे. ज्यांना तो खपत नाही त्यांनी दात्यांवर टेकणाऱ्या बाजूस कातड्याचा तुकडा डकवावा.

इतके करूनही एक छिद्र राहते, आणि बहुतेकांचे काम येथेच फसते. बारा दाते म्हणजे दोन दात्यांमध्ये तीस अंश. तेवढ्या अवकाशात दांडा मागे येऊ शकतो, आणि घण नुकताच पडलेला असेल तर कडा दांडीवर आदळण्यास तेवढे पुरे होते. यासाठी दातेरी चाक आसावर आधी सैलच ठेवावे, दांडा सावकाश फिरवून घण पडण्याचा क्षण हेरावा, आणि खिटी अगदी त्याच्या केसभर आधी दात्यात पडेल अशा बेताने चाक सरकवून मगच पाचर मारावी. केसभराचा तो फरक सामावून घेण्यासाठी कड्याची भिंत कानशीने किंचित आत पोखरून ठेवावी. आधी खिटीचा आवाज, त्याला लागूनच घणाचा; क्रम उलटा ऐकू आला तर पाचर काढून पुन्हा जुळवणी करावी.

लाकडाविषयी एवढेच, की सावंतवाडीच्या खेळण्यांत दिसणारा पांगारा हलका म्हणून आकृतीला उत्तम, परंतु दात्यांना तो कुचकामी. तेथे शिसवच पाहिजे. जोडदांडीचे प्रकरण पुढील आठवड्यात निश्चित घेऊ. त्यासाठी वाचकांनी अर्धा इंच जाडीची सागवानी पट्टी आणि पितळेची बारीक तार जवळ आणून ठेवावी.