लिनक्स, नेटवर्क कार्ड आणि आमचा १ मे

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात एखादा जुना लॅपटॉप पडलेला असतो. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. उम्म अल हस्सममधल्या आमच्या फ्लॅटमध्येही २०१० साली घेतलेला असा एक होता. मंडळातल्या दोघातिघांनी मला अलीकडे विचारलं, "जुन्या मशीनवर लिनक्स घातलं, पण इंटरनेट लागत नाही. काय करावं?" हे फोनवर सांगून नीट होत नाही. म्हणून स्वतः मार खाऊन जे शिकलो ते लिहून काढतो.

गोष्ट २०२० सालची. फेब्रुवारीच्या अखेरीस बहारीनमधल्या शाळा बंद झाल्या होत्या. मार्चमध्ये भारताची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. सांगलीला आई एकटी. घरात चालता कॉम्प्युटर एकच, तोही ऑफिसचा. मुलगी नववीत. फोनच्या टीचभर पडद्यावर गणिताचा फळा वाचायची आणि डोळे चोळत बसायची. पगार कापला गेला होता, नव्या लॅपटॉपचा विषयच नव्हता. म्हणून जुना खाली काढला. त्यावरच्या विंडोज ७ चा आधार कंपनीने १४ जानेवारीलाच थांबवला होता. मग २३ एप्रिलला आलेलं उबुंटू २०.०४ हे फुकटचं लिनक्स त्यावर घालायचं ठरवलं.

मुहूर्त १ मेचा. शुक्रवारची सुट्टी, शिवाय महाराष्ट्राला ६० वर्षं पूर्ण. मंडळाचा कार्यक्रम अर्थातच नव्हता. अर्ध्या तासात पडदा झळकला. सगळं छान, फक्त वायफायचा पत्ता नाही. केबलचा पोर्ट तर केव्हाच मोडलेला. रविवारी सकाळी मुलीचा वर्ग.

मी इथल्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम करतो. मोटर बंद पडली की आधी प्लग, मग फ्यूज आणि शेवटी मोटर, हे हाताखालच्या मुलांना रोज शिकवतो. पण त्या रात्री मी काय केलं? फोनवर शोधून सापडतील त्या आज्ञा टाइप करत सुटलो. तीन तासांत एवढंच साधलं, की एक ड्रायव्हर मीच काळ्या यादीत टाकून बसलो! शनिवारी सकाळी वही घेतली, रात्रीचे सगळे बदल उलटे फिरवले आणि क्रमाने बसलो. तो क्रम असा.

पहिला प्रश्न: कार्ड मशीनला दिसतं का? लिनक्सच्या टर्मिनलच्या खिडकीत एल, एस, पी, सी, आय ही इंग्रजी अक्षरं लहान लिपीत सलग लिहावीत, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून एन, एन, के. मशीनमधल्या कार्डांची यादी येते. प्रत्येक कार्डापुढे कंसात चार-चार आकडे-अक्षरांची जोडी असते. पहिला भाग म्हणजे कंपनीचं आडनाव, दुसरा म्हणजे त्या मॉडेलचं नाव. डब्यावर काहीही छापलेलं असो, खरी ओळख हीच. ड्रायव्हर शोधताना हीच जोडी वापरावी. आमचं कार्ड यादीत होतं, म्हणजे ते मेलेलं नव्हतं.

दुसरा प्रश्न: त्याला ड्रायव्हर मिळाला का? ड्रायव्हर म्हणजे कर्नल, अर्थात लिनक्सचा गाभा, आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जगापुढे ठेवलं तेव्हा कार्ड बनवणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती, दुभाषे स्वयंसेवकांनीच लिहिले. नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी इथरनेट कार्डांसाठी असे कितीतरी लिहिले. १९९४ मध्ये साध्या कॉम्प्युटरांची मोट बांधून त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी 'बेओवुल्फ' उभा केला, तो याच बळावर. त्याच यादीत कार्डाखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचं नाव येतं. आमच्याकडे नाव होतं. मग अडलं कुठे?

तिसरा प्रश्न: कर्नल काय म्हणतो? डी, एम, ई, एस, जी ही आज्ञा कर्नलची रोजनिशी दाखवते. हल्लीच्या उबुंटूत तिच्याआधी एस, यू, डी, ओ लिहून परवानगी घ्यावी लागते. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: फर्मवेअरची फाइल सापडली नाही. ड्रायव्हर चालतो आपल्या प्रोसेसरवर. फर्मवेअर चालतं कार्डाच्या आतल्या चिमुकल्या प्रोसेसरवर. अनेक कार्डांत ते कायमचं साठवलेलं नसतं, दर वेळी ड्रायव्हरने भरवावं लागतं. त्याचे हक्क कंपनीकडे असल्याने सगळ्याच लिनक्सवाल्यांना ते सरसकट वाटता येत नव्हतं. डेबियनसारख्या तत्त्वाला धरून असलेल्या मंडळींनीही २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घेतलं. उबुंटू बसवताना वायफायसाठी बाहेरचं सॉफ्टवेअर हवं का, अशी एक चौकट येते. घाईत ती मीच रिकामी सोडली होती.

आता पेच असा, की फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला फर्मवेअर! यावर सोपा तोडगा आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडावा आणि त्यातलं यूएसबी टेदरिंग चालू करावं. लिनक्सला तो फोन नेटवर्क कार्डासारखाच दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच असतो. पाच मिनिटांत फर्मवेअर आलं. मशीन पुन्हा सुरू केलं. रोजनिशीतली तक्रार गेली, आणि वायफाय तरीही बंद!

चौथा प्रश्न: कुणी बंद तर केलेलं नाही? आर, एफ, के, आय, एल, एल ही आज्ञा ते सांगते. तिच्या उत्तरात 'सॉफ्ट' अडथळा असेल तर तो आज्ञेने निघतो, 'हार्ड' असेल तर हातानेच काढावा लागतो. आमच्याकडे 'हार्ड'पुढे 'यस' होतं. मी विचारात पडलो. मुलीने लॅपटॉप उचलला, पुढच्या कडेला बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, हे बटण कसलं?" वायफायचं बटण. सरकवताच निळा दिवा लागला. आधी प्लग बघा म्हणणाऱ्याची बायकोने दिवसभर काय थट्टा केली असेल, ते सांगायला नको.

त्या संध्याकाळी आईला व्हिडिओवर फोन लावला. आम्ही तिला पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहत होतो. दोन महिने फोनवर ती "मी मजेत आहे" म्हणायची आणि आम्हाला खरं वाटायचं. त्या दिवशी तिच्या गळ्याची हाडं दिसली. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून ती एक वेळच जेवत होती. बायकोने लगेच शेजारच्या वहिनींना फोन केला आणि दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला.

रविवारी मुलीचा वर्ग वेळेवर झाला. तुमचंही मशीन अडलं तर एवढं करा: क्रमाने विचारा, एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत लिहा. आणि हो, कडेला एखादं बटण आहे का, ते सर्वांत आधी बघा.