जमिनीखालची वायर

आपल्या पेठ तालुक्यात पाऊस फार. भाताची खाचरे तुडुंब भरतात. माती महिनोन्‌महिने ओली राहते. अशा ठिकाणी घरापासून गोठ्यात दिवा न्यायचा, विहिरीवर मोटर चालवायची, तर वायर न्यावी कशी?

कोणी वीतभर चर खणतो आणि घरातली साधी वायर मातीत पुरतो. वायर दिसेनाशी झाली, म्हणजे धोका टळला असे त्याला वाटते. तसे नाही. नांगराचा फाळ, घुशीचे दात आणि पाणी हे तिघे तिला खाली गाठतातच. वायरीचे कवच फाटले की वीज ओल्या जमिनीत उतरते. तिथे माणूस मरतो, बैलही मरतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्याला झटका मोठा बसतो.

मुंबई शहरातही बेस्टच्या विजेच्या तारा जमिनीखालूनच जातात. पण ते काम रीतीने केलेले असते. ती रीत आम्ही सांगतो.

चर ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट खोल खणावा. गाडीवाट आडवी येत असेल, तर १ मीटर खणावा. तळातले दगड काढून वाळू पसरावी. तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा पाइप ठेवावा. सांधे पक्के चिकटवावेत. वळणे मोठी ठेवावीत, नाहीतर वायर ओढताना अडकते. पाइपात निम्म्याहून अधिक जागा मोकळी राहावी. पाइपावर पुन्हा वाळू, वाळूवर विटांची ओळ, मग माती. पुढे कोणी खणले, तर आधी वीट लागेल आणि तो थांबेल.

आता मुख्य गोष्ट. पाइप फाळाला अडवतो, घुशीला अडवतो. पाण्याला पुरते अडवत नाही. सांधे कितीही पक्के करा, गार पाइपात हवेतला दमट वाफारा साचून पाणी होतेच. म्हणून पाइपात जमिनीखाली चालणारी, जाड कवचाची केबलच घालावी. आत जोड मुळीच देऊ नये. अर्थिंगची वायर सोबत हवीच.

घरात ईएलसीबी नावाची कळ बसवावी. गेलेली वीज सगळी परत आली की नाही, हे ती पाहते. थोडी जरी जमिनीत गळली, तरी ती लगेच पुरवठा तोडते. तिच्यावरचे तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

चर आपण खणावा, विटा आपण लावाव्यात. वायर जोडण्याचे काम मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. चार पैसे वाचतात म्हणून जीव टांगणीला लावू नये.

शेवटी एक काम आपले. आता आपणांस लिहिता येते. पाइप कोठून कोठे गेला, विहिरीपासून किती पावलांवर आहे, किती खोल आहे, हे वहीत लिहून ठेवा. उद्या आपला मुलगा तिथे कुदळ मारील, तेव्हा ती वही त्याचा जीव वाचवील.