फोटो उन्हाळ्यातला, घर बारा महिन्यांचं



आज घराच्या आणि प्लॉटच्या जाहिरातीतल्या फोटोंबद्दल बोलू. इचलकरंजी आणि आसपासच्या गावांत प्रत्येकीच्या मोबाइलवर असे फोटो येतात. ‘मोक्याचा प्लॉट’, ‘तयार घर, लगेच ताबा’, ‘शेवटचे दोनच शिल्लक’. फोटो आवडतो, घरात बोलणं होतं आणि विसार दिला जातो. तो विसार कुणाच्या भिशीचा असतो, कुणाच्या गटकर्जाचा, तर कुणी त्यासाठी गळ्यातलं गहाण ठेवलेलं असतं. म्हणून फोटो कसा पाहायचा आणि आपण स्वतः फोटो टाकताना काय पाळायचं, हे दोन्ही समजून घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे जाहिरात ही नुसती बडबड नाही. केंद्र सरकारचा २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, त्याच्या कलम १२ मध्ये हे स्पष्ट आहे. जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. व्यवहार नको असेल, तर सगळी रक्कम व्याजासह परत करायची. म्हणजे जाहिरातीत दाखवलेली बाग, रस्ता, पाण्याची टाकी हे त्याने दिलेलं वचन आहे.

आपल्या राज्यात हा कायदा ‘महारेरा’ बघतं. महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला प्रकल्पाची जाहिरातसुद्धा करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो नसेल, तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानात पैसे देताना आपण कोड स्कॅन करतो, तसाच हाही करायचा. मंजूर नकाशा, काम पूर्ण होण्याची तारीख, कोर्टात वाद आहे का, ही माहिती समोर येते. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ अक्षराने सुरू होतो आणि एजंटाचा ‘ए’ने. अशा प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटालाही स्वतःची नोंदणी लागते.

मात्र सगळेच व्यवहार यात येत नाहीत. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपर्यंत असेल, किंवा घरं आठपर्यंतच असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. कुणी आपलं जुनं राहतं घर विकत असेल, तर त्यालाही नाही. तिथे आपणच जास्त डोळसपणे पाहायला हवं.

आता फोटोकडे वळू. फोटो खरा असूनही फसवू शकतो. तो कसा, ते पाहा.

फोटोला महिना नसतो. पंचगंगेकाठची जागा एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत दिसते. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. तेव्हा त्याच जागेत पाणी किती होतं, हे फोटो सांगत नाही. पाटबंधारे खात्याने नदीच्या दोन पूररेषा ठरवलेल्या असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत राहायचं नवं घर बांधता येत नाही. जागा कुठल्या रेषेत येते, हे नगररचना विभागात विचारा. शेजारच्या आजींनाही विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं.

फोटोला आवाज नसतो. भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना असेल, तर रात्रपाळीचा खडखडाट फोटोत येत नाही. गटाराचा वास येत नाही. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, तेही कळत नाही. म्हणून जागा एकदा दिवसा आणि एकदा रात्री जाऊन पाहा.

फोटोला माप नसतं. हल्लीच्या मोबाइलमध्ये रुंद दिसणारा कॅमेरा असतो. त्यातून दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते. त्यामुळे फुटात माप विचारा. फ्लॅट असेल तर कार्पेट, म्हणजे घराच्या आत वापरायला मिळणारं क्षेत्र किती, ते विचारा.

आणि काही फोटो फोटोच नसतात. ती संगणकावर काढलेली चित्रं असतात. खाली बारीक अक्षरात ‘काल्पनिक चित्र’ लिहिलेलं असतं. चित्रातला पोहण्याचा तलाव मंजूर नकाशात आहे का, ते क्यूआर कोडवरून बघा. जाहिरातीत काढलेली प्रत्येक सोय करारातही लिहून मागा.

आता आपली बाजू. आपल्यातल्याही कुणी खोली भाड्याने देते, कुणी घर विकते, कुणी ओळखीच्या माणसाची जागा गटावर टाकते. तेव्हा काही गोष्टी पाळूया. फोटो आत्ताचा असावा आणि त्याच जागेचा असावा. दुसऱ्याच्या घराचा किंवा इंटरनेटवरून उचललेला फोटो नको. झाडून-पुसून, खिडकी उघडून फोटो काढला तर त्यात काही खोटं नाही. पण ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवणं, मोबाइलमध्ये वरून जाणारी विजेची तार पुसून टाकणं, ही लपवाछपवी झाली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष आपल्याला माहीत असेल, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. फोटोत शेजाऱ्यांची मुलं, त्यांचं अंगण, गाडीचा नंबर येऊ देऊ नका. भाडेकरू राहत असेल तर त्याला विचारूनच आत फोटो काढा. खाली गाव, माप, पाणी, रस्ता आणि फोटोचा महिना लिहा. खरं सांगितलं तर चार माणसं कमी येतील, पण जो येईल तो घ्यायच्या तयारीने येईल आणि पुढे भांडण राहणार नाही.

शेवटी, पैसे देताना. जाहिरात आली की ती पुसू नका. तारखेसह जपून ठेवा, कागदी असेल तर फाइलला लावा. बोलणं तोंडी झालं असेल, तर ‘तुम्ही तीस फुटी रस्ता सांगितलात, बरोबर ना?’ असा संदेश पाठवून उत्तर घ्या. पुढे हाच पुरावा होतो. रेराच्या कलम १३ प्रमाणे, नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. जमीन असेल तर सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

फसवणूक झालीच तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याची फी ५ हजार रुपये आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो. पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने मोबाइलवर आलेली एक जाहिरात आणायची. तिच्यावर क्रमांक आहे का, कोड आहे का, तो स्कॅन होतो का, हे सगळ्यांनी मिळून बघायचं. दहा मिनिटं लागतील. गटातली एखादी विसार द्यायच्या तयारीत असेल, तर तिची जाहिरात सगळ्यात आधी बघा.