आधी गाडीची लांबी, मग जंगल

पहाटे चारच्या सुमाराला पहिला ट्रक गेला. ओंडक्यांनी भरलेला, वळणावर इंजिन-ब्रेकचा फडफडाट करत. पाच-सात मिनिटांनी दुसरा. मग मोजणं सोडून दिलं. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पात, अठ्ठावीस फुटी मोटरहोममध्ये आम्ही पाचजण जागे होतो. बुकिंगच्या वेळी पाहिलेल्या फोटोत शेवाळाने लगडलेली झाडं होती, आणि ती तिथे खरोखरच होती. फोटोत रस्ता नव्हता. तो त्या झाडांच्या पलीकडे दीडशे फुटांवर होता.

लेक सिएटलजवळ रेडमंडला राहते. त्या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत तरी आई-वडील आले की भाड्याचं मोटरहोम घेऊन जंगलात जायचा बेत ठरतोच. बेत ठरताना चर्चा होते ती गाडीत किती जण झोपतील, ओव्हन आहे का, शॉवर आहे का याची. आमचीही तशीच झाली होती. त्या रात्रीनंतर मी जावयांच्या मागे लागले, की शांत जागा निवडायची असते तरी कशी, ते नीट शोधून काढू. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तोवर बऱ्याच गोष्टी कळल्या होत्या. त्यातली पहिली अशी की गाडीची लांबी ठरली की आपलं जंगलही ठरून जातं.

होह नदीच्या खोऱ्याचंच घ्या. ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातलं हे वर्षावन जगभर नावाजलेलं आहे. वर्षाला सुमारे 140 इंच, म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वर-आंबोलीला याहून जास्त कोसळतो, पण तो जूनला सुरू होऊन चार महिन्यांत आटोपतो. होहला पाऊस हिवाळ्याचा, आणि जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे. तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये 72 जागा आहेत. त्यातल्या बहुतेक 21 फुटांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत, 35 फुटी गाडी मावेल अशा मोजक्याच. याच उद्यानातल्या सोल डकच्या खोऱ्यातही साधारण हाच हिशेब. आमच्या अठ्ठावीस फुटी गाडीला म्हणून खोल खोऱ्यात जागाच मिळाली नव्हती. मोठ्या गाडीला रुंद, सपाट, सहज वळता येईल अशी जागा लागते, आणि अशी जागा बहुतेक वेळा हायवेच्या कडेला सापडते. ही लांबी सिएटलहून बेनब्रिज बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीतही भोवते: 22 फुटांच्या आत असाल तर साध्या मोटारीचं भाडं, पुढे लांबीप्रमाणे चढत जाणारं. दुसऱ्या खेपेला आम्ही तिघंच होतो, आणि गाडी घेतली एकोणीस फुटी. गैरसोय झाली. रात्री जेवणाचं टेबल मोडून त्याचा पलंग करावा लागायचा. पण नकाशावरची कितीतरी दारं उघडली.

दुसरी गोष्ट रस्त्याची. ऑलिम्पिक उद्यानाला हायवे 101 बाहेरून वळसा घालतो. उद्यानातून आरपार जाणारा एकही रस्ता नाही. खोऱ्यांमध्ये नुसते फाटे शिरतात आणि डोंगराच्या पोटाशी संपतात. होहचा फाटा हायवेपासून 18 मैल, म्हणजे एकोणतीस किलोमीटर आत जातो आणि थांबतो. जो रस्ता पुढे कुठे जातच नाही, त्यावरून रात्री कोण कशाला जाईल? जागा शोधताना मी आता पहिल्यांदा हे बघते: हा रस्ता संपतो का? संपत असेल तर त्याच्या टोकाची जागा, आणि नसेल तर निदान मध्ये एखादी टेकडी.

टेकडी म्हणायचं कारण आहे. झाडं आवाज अडवतात असं आपण धरून चालतो, पण ती फारसा अडवत नाहीत. अमेरिकेच्या महामार्ग खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत असं दिलं आहे, की आरपार दिसू नये इतकी दाट झाडी दोनशे फूट रुंद असेल तेव्हा कुठे आवाज दहा डेसिबलने, म्हणजे कानाला जाणवेल असा निम्म्याने, उतरतो. चार ओळी झाडांनी रस्ता नजरेआड होतो, एवढंच. शिवाय एका जागी चालू असलेल्या यंत्राचा आवाज अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने पडतो; पण सतत वाहत्या हायवेचा पडतो तीनच डेसिबलने, कारण आवाजाचा उगम एक ठिपका नसून लांबलचक रेघ असते. त्यात रात्री खोऱ्याच्या तळाशी गार हवा साचते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. वर गेलेला आवाज त्या थरातून वाकून परत खाली येतो. दुपारी जाऊन पाहिलेली जागा शांत वाटते आणि पहाटे तिथेच ट्रक उशाशी येतात, ते यामुळे. उभा कडा किंवा टेकडीचा खांदा मध्ये असला की मात्र फरक चांगलाच पडतो.

होहबद्दल बोलताना गॉर्डन हेम्प्टन यांचं नाव घ्यायलाच हवं. निसर्गातले आवाज ध्वनिमुद्रित करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. 22 एप्रिल 2005 रोजी, वसुंधरा दिनाला, त्यांनी होहच्या पायवाटेवर अभ्यागत केंद्रापासून सव्वातीन मैलांवर एका शेवाळलेल्या ओंडक्यावर छोटासा लाल दगड ठेवला आणि त्या जागेला ‘शांततेचा एक चौरस इंच’ म्हटलं. आवाज मैलोन् मैल पसरतो. तेव्हा एक चौरस इंच जरी माणसाच्या आवाजापासून शंभर टक्के राखायचा म्हटला, तरी आजूबाजूचे कितीतरी चौरस मैल आपोआप राखले जातील, असा त्यांचा विचार. मला तो फार मोलाचा वाटतो. पण होहच्या आकाशातून व्हिडबी बेटावरच्या नौदलाच्या तळावरची ग्राउलर विमानं सरावासाठी जातात. त्यांच्यावर कॅम्पग्राउंड निवडून उपाय नाही. त्यासाठी तिथले लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत.

कॅम्पग्राउंड ठरलं की आतली जागा. सरकारी बुकिंगच्या संकेतस्थळावर, रिक्रिएशन डॉट गव्हवर, प्रत्येक जागेचा नकाशा असतो, आणि गाडी उभी करायच्या पट्टीची लांबीही दिलेली असते. नकाशा वाचताना आपल्या घराच्या जागेची पारख करावी तशी करायची. मुख्य फाटक आणि त्यालगतचा रस्ता टाळावा. कचऱ्याचा लोखंडी डबा, पाण्याचा नळ आणि संडास यांच्या समोरची जागा नको. जंगलातल्या संडासाची दारं जड असतात आणि रात्रभर आपटतात. तंबूवाल्यांना संडास जवळ लागतो, म्हणून त्यांची तिथे गर्दी होते. मोटरहोममध्ये तर तो आपल्या बरोबरच आहे. मग आपण लांबची जागा का घेऊ नये? गाडी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढता येते अशा सोयीच्या जागा मोठमोठ्या बसगाड्यांना हव्या असतात, आणि त्यांच्या मागोमाग जनरेटर येतात. रिव्हर्स घालून लावायची, लूपच्या, म्हणजे आतल्या गोल रस्त्याच्या, बाहेरच्या अंगाची, पाठीला नुसतं जंगल असलेली जागा गाठावी. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहावं. मागचा भाग वळणावर बाहेर फेकला जातो आणि तिथेच झाड असतं.

नदीकाठाबद्दल मात्र माझं मत सगळ्यांना पटत नाही. सगळ्यांना नदीकाठ हवा असतो. होहच्या पाण्याला हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे दुधाळ निळा रंग असतो, बघत बसावं असा. वाहत्या पाण्याचा घोष शेजाऱ्याचा जनरेटर झाकून टाकतो हेही खरं. पण तो घुबडही झाकतो, एल्क नावाचं मोठं हरीणही झाकतो, आणि मॅपलचं वाळलेलं पान पडल्याचा आवाजही. ज्याला फक्त झोप हवी आहे त्याने नदीकाठ घ्यावा. ज्याला जंगल ऐकायचं आहे त्याने नदीपासून शे-दोनशे पावलं मागे सरावं.

जागेवर पोचल्यावर आधी मान वर करून बघायचं. वाळकी झाडं, अडकून लोंबणाऱ्या फांद्या. तिथले लोक अशा फांदीला ‘विडोमेकर’ म्हणतात, बायकोला विधवा करणारी. तिच्याखाली गाडी लावायची नाही, जागा कितीही देखणी असली तरी. मग जमीन. मोटरहोममधले बरेच फ्रिज गॅसवर चालतात आणि गाडी कलती असेल तर नीट गार करत नाहीत, बिघडतातही. जावयांकडे मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप होतं. मी ओट्यावर स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलं. पाणी डाव्या काठाकडे झुकलं, तसा त्यांनी डाव्या मागच्या चाकाखाली प्लास्टिकचा एक ठोकळा सरकवून गाडी इंचभर पुढे घेतली. पाणी अजून कलतंच. दुसरा ठोकळा. तिसऱ्या खेपेला पाणी वाटीत सगळीकडून सारखं टेकलं, आणि ॲपने दाखवलेला आकडाही जुळला.

पुस्तकी माहितीत न सापडलेली एक गोष्ट तिथे राहून कळली. पाऊस थांबल्यावरही झाडं पाऊस पाडत राहतात. बिगलीफ मॅपलच्या फांद्यांवर शेवाळाच्या जाडजूड गाद्या असतात. त्या पाणी धरून ठेवतात आणि तासन् तास थेंब थेंब सोडतात. घनदाट झाडीत पानावर पडणारा तो थेंब मोठा गोड वाटतो, पण गाडीच्या पत्र्यावर तो टाचणी ठोकल्यासारखा वाजतो. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी त्याच जागेत सात-आठ फूट पुढे घेतली, फांदीच्या खालून बाहेर. झोप लागली. छतावरच्या सोलर पॅनेलला थोडं आकाशही मिळालं. एरवी त्या सावलीत बॅटरी भरतच नव्हती.

आता आपल्या स्वतःच्या आवाजाचं. रात्री दहा ते सकाळी सहा ही बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये शांततेची वेळ असते, आणि जनरेटरलाही तास ठरवून दिलेले असतात. पण नियमात बसणारे आवाजही आवाजच. हीटरचा पंखा दर पंधरा-वीस मिनिटांनी घुर्र करून सुरू होतो आणि बॅटरी खातो ती वेगळीच. आम्ही थर्मोस्टॅट खाली आणून गोधड्या घेतल्या. पहिल्या संध्याकाळी कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली आणि समोरच्या तंबूतली छोटी मुलगी दचकून आईला बिलगली. तिने तो आवाज आयुष्यात ऐकलेला नसावा. पुण्याच्या वाड्यात संध्याकाळी दहा घरांच्या शिट्ट्या एकमेकींत मिसळतात, कुणाला काही वाटत नाही. इथे ती शिट्टी खोऱ्याच्या पलीकडे जाऊन परत आली. मी गॅस बंद केला. पुढचे तीन दिवस मूगडाळ सकाळी भिजत घातली आणि खिचडी जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून शिजवली. वेळ लागला, चव उत्तम आली.

कॅम्पग्राउंडचे शेजारी नकोत, अगदी एकट्याने राहायचं, असं वाटणाऱ्यांसाठी तिथे दुसरी वाट आहे. राष्ट्रीय उद्यानं एका खात्याकडे, आणि त्यांना लागून असलेली राष्ट्रीय वनं 1905 साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. वनांमध्ये बऱ्याच भागांत कॅम्पग्राउंडबाहेरही मुक्काम करता येतो, बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत, फुकट. तिथे नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही; आपल्या तिन्ही टाक्या, शुद्ध पाण्याची, सांडपाण्याची आणि संडासाची, हेच आपलं गाव. पाण्यापासून दोनशे फूट लांब राहायचं. कोणत्या वाटेवर कोणतं वाहन चालतं याचा साधा काळा-पांढरा नकाशा फॉरेस्ट सर्व्हिस मोफत देते, तो घेतल्याशिवाय निघू नये. भाड्याच्या मोटरहोमवाल्यांनी आधी करारनामा वाचावा. कच्च्या रस्त्यावर गाडी घालायला त्यात पुष्कळदा मनाई असते. कोरड्या दिवसांत सुक्या गवतावर तापलेला सायलेन्सर आणून उभा करू नका. तेवढ्यानेही वणवा लागतो. आणि निघण्याआधी रेंजरच्या कार्यालयात फोन करा. डिसेंबर 2024 मध्ये पुराने होहचा रस्ताच तोडला होता, तो मे 2025 मध्ये उघडला. खोऱ्यात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा वाटेत शोधू म्हणून चालत नाही.

आम्ही गेलो ते सप्टेंबरच्या मध्यावर. महिन्याच्या पहिल्या सोमवारची कामगार दिनाची सुट्टी संपली की शाळा सुरू होतात आणि गर्दी ओसरते. हिवाळ्याचा पाऊस अजून पुरता लागलेला नसतो. आणखी एक कारण होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रूझवेल्ट एल्कचे नर माजावर येतात. तिसऱ्या पहाटे लेकीने मला हलवलं, तोंडावर बोट ठेवून. दार किलकिलं केलं. झाडांतून आधी एक खोल घरघर, मग ती चढत चढत बासरीच्या वरच्या स्वरासारखी बारीक होत गेली आणि तुटली. दीडशे फुटांच्या आत जायचं नाही असा उद्यानाचा नियम आहे, आणि आम्हाला जायचंही नव्हतं. पायरीवर शाली लपेटून बसलो. पाच-सहा मिनिटांनी नदीच्या बाजूने दुसऱ्याने उत्तर दिलं. मग पुन्हा पहिला. मध्ये इतकी शांतता, की जावयांनी चहाचा कप खाली ठेवला तो आवाजही मला मोठा वाटला.

होहच्या जागा सहा महिने आधी बुकिंगला खुल्या होतात. गेल्या मार्चमध्ये लेकीने पुन्हा तीच जागा धरली, नदीपासून मागची, लूपच्या बाहेरच्या अंगाची. यंदा नातही येणार आहे. चौघांना एकोणीस फूट कमी पडतील, म्हणून तिच्यासाठी एक छोटा तंबू घेतलाय, तो गाडीशेजारी लागेल.