मेंढरू आणि माणूस

बालमित्रांनो, कोणी विचार न करता दुसऱ्याच्या मागे गेला, की मोठी माणसे म्हणतात, "काय मेंढरासारखा चाललाय!" मेंढरू खरंच एवढं खुळं असतं का? आणि माणूस तसा का वागतो? ते मी या लेखात सांगणार आहे.

दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगर कळप घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्यापूर्वी माघारी येतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, कारण लेंडीखत पिकाला फार चांगले. एवढा मोठा कळप वळवायचा तर एकेका मेंढीमागे पळावे लागत नाही. पुढच्या दोन-चार वळल्या की मागच्या आपोआप वळतात.

मेंढी असे का करते? तिला ना नख्या, ना सुळे. लांडगा आला तर एकटी मेंढी सापडते, कळपातली बहुधा वाचते. 2012 साली शास्त्रज्ञांनी मेंढ्यांच्या पाठीवर यंत्रे बांधून पाहिले. कुत्रा जवळ येताच मेंढ्या कळपाच्या मध्याकडे धावल्या. म्हणजे हा खुळेपणा नव्हे, जीव वाचवण्याची रीत आहे. पण पुढची चुकली तर काय? 2005 साली तुर्कस्तानात गेवाश येथे एका मेंढीने कड्यावरून उडी घेतली. तिच्यामागून सुमारे 1,500 मेंढ्या गेल्या. त्यांतल्या सुमारे 450 मेल्या.

माणसालाही सोबत लागते. वारीत दिंडीबरोबर चालले तर वाट चुकत नाही. ते चांगलेच आहे. पण कधी कधी पुढचा चुकलेला असतो.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात असेच झाले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणारी पाच माणसे त्या गावात आली. लोकांना संशय आला आणि जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची निरपराध माणसे होती. मला वाटते, "थांबा, आधी नीट विचारू," असे त्या गर्दीतही कुणाच्या तरी मनात आले असेल. पण एकट्याने बोलायचे कसे?

याचे उत्तर एका प्रयोगात सापडते. 1951 च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या शास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना रेघा दाखवल्या आणि सारख्या लांबीची रेघ कोणती, ते विचारले. प्रश्न अगदी सोपा. पण एक सोडून बाकीच्यांना त्याने चुकीचे उत्तर द्यायला आधीच सांगून ठेवले होते. सगळे एकच चुकीचे उत्तर देतात हे पाहून तो एकटा मुलगाही सुमारे तीन वेळांतून एकदा चुकीचेच बोलला! मग ॲशने त्या टोळक्यात खरे उत्तर देणारा एक जण ठेवला. तेव्हा चुका खूपच कमी झाल्या. एका सोबत्याने केवढा धीर आला पहा.

आपल्या वर्गातही बाई विचारतात, "समजलं का?" सगळे ओरडतात, "होऽऽ!" अशा वेळी एकाने हात वर करून "मला नाही समजलं" म्हटले, की आणखी चार हात वर येतात.

आपल्या हिंजवडीत कामासाठी रोज दूरदूरची अनोळखी माणसे येतात. त्यांच्याविषयी काही कानावर आले, तर पालकांनीही ते पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : कोणी पाहिले? कुठे पाहिले? पोलिसांना विचारले का?

मेंढीला विचारता येत नाही, आपल्याला येते. म्हणून मित्रांनो, पहिला प्रश्न आपण विचारायचा. आणि दुसऱ्या कोणी विचारला, तर त्याला हसायचे नाही, त्याच्या शेजारी उभे राहायचे.