मेदोहर शस्त्रकर्म, अवटु ग्रंथी आणि आपली औषधे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विचार एकत्र केलेला आहे. स्थौल्यासाठी जठराचे शस्त्रकर्म करून घेतलेला रुग्ण वर्ष-दीड वर्षात या अध्यायाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकू लागतो. मोठ्या शहरात शस्त्रकर्म करवून गावी परतलेले असे रुग्ण आम्लपित्त, मलावष्टंभ, केसगळती, थकवा अशा तक्रारी घेऊन आपल्याकडे येतात. त्यांपैकी काहीजण आधीपासूनच थायरॉक्सिनची गोळी घेत असतात. आपण दिलेले औषध त्या गोळीच्या आड येऊ शकते, याकडे आम्ही वैद्यबंधू-भगिनींचे व औषधालय चालकांचे लक्ष वेधू इच्छितो.

या शस्त्रकर्मांत अवटु ग्रंथीला, म्हणजे थायरॉईडला, हातही लागत नाही. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात. 'बायपास' प्रकारात सुमारे तीस मिलिलिटर धारण करील एवढी लहान पिशवी तयार करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. ग्रहणी आणि आतड्याचा आरंभीचा भाग अन्नमार्गातून वगळला जातो. तरीही थायरॉईडच्या तपासणीचे आकडे बदलतात.

स्थूल व्यक्तीत टी.एस.एच. किंचित वाढलेले पुष्कळदा आढळते. मेदापासून निर्माण होणारे लेप्टिन मेंदूतील नियंत्रण केंद्रास उत्तेजित करते, हे त्याचे एक कारण मानले जाते. अशा वेळी ही वाढ स्थौल्याचे कारण नसून परिणाम असतो. शस्त्रकर्मानंतर मेद घटला की टी.एस.एच. आपोआप खाली येते. नेमक्या याच काळात रुग्णास कांचनार गुग्गुळ सुरू असेल, तर श्रेय गुग्गुळाला देण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि त्या भरवशावर थायरॉक्सिन तर मुळीच थांबवू नये. स्वप्रतिकारजन्य विकाराने ग्रंथी क्षीण झाली असेल किंवा ती शस्त्रक्रियेने काढलेली असेल, तर वजन कितीही उतरले तरी गोळीची गरज राहतेच. वजन उतरल्यावर अनेकांची मात्रा कमी करावी लागते हे खरे. पण ती वजनाच्या प्रमाणात कमी होत नाही, कारण गरज मेदापेक्षा मांसादी मेदविरहित देहभारावर अधिक अवलंबून असते. शोषण बिघडलेल्या काही रुग्णांत तर मात्रा वाढवावी लागते. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी आणि मूळ चिकित्सकाचा सल्ला, हाच मार्ग सुरक्षित होय.

पहिल्या काही महिन्यांत आहार अत्यल्प असतो. शरीर काटकसर म्हणून टी-३ कमी बनवते. रुग्णाला थंडी वाजते, उत्साह वाटत नाही, केस गळतात. लक्षणे मंद अग्नीची व थायरॉईड न्यूनतेची वाटतात, परंतु टी.एस.एच. प्राकृत असते. येथे थायरॉक्सिन देणे अनुचित. आधी प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे यांची उणीव पाहावी.

आता औषधांचा मुद्दा. थायरॉक्सिनची गोळी विरघळण्यास जठराम्ल लागते; तिचे शोषण मुख्यतः आतड्याच्या मधल्या व शेवटच्या भागात होते. शस्त्रकर्मानंतर आम्ल घटते. 'स्लीव्ह'नंतर पुष्कळांना छातीत जळजळ होऊ लागते व त्यासाठी आम्लशामक गोळ्या सुरू होतात, म्हणजे उरलेले आम्लही जाते. त्यावर आपण कामदुधा लिहून देतो. कामदुधेत मोती, प्रवाळ, मौक्तिकशुक्ती, कपर्दिका, शंख अशी द्रव्ये असतात. ती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच होत. कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवते व ते अवशोषित न होता निघून जाते. लोहाचीही हीच गत. लोह भस्म असलेली चंद्रप्रभा, आरोग्यवर्धिनी, नवायस लोह, तसेच मंडूर कल्प यांना आम्ही याच नियमाखाली धरतो. भस्मरूप लोहाचा निराळा अभ्यास हाती येईपर्यंत सावध राहण्यात काही बिघडत नाही.

मलावष्टंभासाठी दिलेला इसबगोलही शोषण कमी करू शकतो. थायरॉक्सिन सकाळी रिकाम्या पोटी केवळ पाण्याबरोबर द्यावे, चहा-कॉफी व न्याहारी निदान अर्ध्या ते एक तासानंतर, आणि कॅल्शियम अथवा लोहयुक्त कल्प चार तासांनंतर. दुपारचे जेवण व झोपेपूर्वीची वेळ त्यासाठी सोयीची पडते. येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बायपासनंतर कॅल्शियम सायट्रेट सुचवले जाते, कारण कार्बोनेटला शोषणासाठी आम्ल हवे. 'त्यापेक्षा आमचे प्रवाळ घ्या' असे सांगून सायट्रेट बंद करणे म्हणजे रुग्णाच्या अस्थींशी खेळणे होय.

औषधालय चालकांनी बायोटिनकडे विशेष लक्ष द्यावे. शस्त्रकर्मानंतर तीन ते सहा महिन्यांत केस गळू लागतात आणि रुग्ण चिठ्ठीशिवाय पाच-दहा मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या मागतो. कित्येक प्रयोगशाळांच्या चाचणी-पद्धतीत बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. रक्तात ते जास्त असेल तर टी.एस.एच. खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत सूचना प्रसृत केली होती. अहवाल पाहून थायरॉक्सिन जास्त झाले असे वाटते आणि मात्रा निष्कारण घटवली जाते. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस बायोटिन थांबवावे लागते. 'थायरॉईडची तपासणी करायची आहे का?' एवढे गल्ल्यावर विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि उत्तर होय असेल तर रक्त देऊन झाल्यावर गोळ्या पुन्हा सुरू करण्यास सांगावे.