अभयारण्यात अभय कोणाला?

जानेवारी २०२० मध्ये निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला 'रामसर' दर्जा मिळाल्याची बातमी आली आणि नाशिक जिल्ह्यात आनंदीआनंद झाला. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झालेले हे महाराष्ट्रातले पहिले ठिकाण. लोणार आणि ठाण्याची खाडी यांचा नंबर नंतर लागला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु रामसरच्या नोंदीत या जागेचे जे गुण सांगितले आहेत, त्यातला एक असा की ही जागा पुराचे पाणी झेलते. हे वाक्य कोणीतरी सायखेड्याच्या पुलावर उभे राहून मोठ्याने वाचावे! २००८, २०१६ आणि २०१९ साली ज्यांच्या घरात गोदावरी शिरली ते लोक काय म्हणतात, तेही ऐकावे.

सायखेडा हे गोदाकाठचे बाजाराचे गाव. कांद्याच्या उपबाजारामुळे ते व्यापाऱ्यांना माहीत आहे आणि पुरामुळे वर्तमानपत्रांना. गंगापूर धरणातून सुटलेले पाणी नाशिक ओलांडून येथे येते. दारणेचे पाणी दारणासांगवीजवळ गोदावरीला मिळते. आणखी पुढे नांदूर मध्यमेश्वरला कादवा मिळते आणि तेथेच ब्रिटिशांच्या काळातला, शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. त्याचे कालवे कोपरगाव-राहात्याच्या उसाकडे गेले. बंधाऱ्यात मात्र गाळ साचत राहिला. गाळाची बेटे झाली, पाणी उथळ झाले, पाणगवत माजले आणि त्या गवतात, त्या चिखलात पक्ष्यांना खाणे मिळू लागले. १९८६ मध्ये सरकारने तेथे अभयारण्य घोषित केले. म्हणजे ज्या गाळाने पक्षी आणले, त्याच गाळाने बंधाऱ्याची पाणी पोटात घेण्याची ताकद कमी केली. पावसाळ्यात फुगवटा मागे सरकतो आणि सायखेडा-चांदोरीत शिरतो, असे गोदाकाठचे लोक वर्षानुवर्षे सांगत आहेत. गावाच्या रचनेत नदीच्या अंगाला, सखल जागी कोणाची वस्ती असते, हे या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

या विषयावर आमच्या बैठकीत बोलायला लागले की एखादा कार्यकर्ता हमखास विचारतो, 'साहेब, आपल्या माणसाला घरकुल नाही आणि तुम्ही बगळ्यांचे काय घेऊन बसलात?' प्रश्न रागाचा असला तरी खोटा नाही. पक्षी म्हणजे दुर्बिणी घेऊन गाडीतून येणाऱ्यांचा छंद, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हा वारसा आपला आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी स्तंभावर लेख कोरून काही जीवांना मारण्यास मनाई केली. त्या यादीत पोपट, मैना, हंस आणि चक्रवाक ही नावे आहेत. हाच चक्रवाक थंडीत नांदूर मध्यमेश्वरला उतरतो. (पक्ष्यांच्या पुस्तकांत त्याला 'ब्राह्मणी बदक' म्हणतात. आपण अशोकाचाच शब्द वापरू.) त्याच लेखात विनाकारण जंगल जाळू नये, असाही आदेश आहे. भारतीय संविधानाच्या कलम ५१-अ मध्ये जीवमात्राविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ते १९७६ च्या दुरुस्तीने आले हे खरे, पण त्यातला करुणा हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको.

मात्र अशोकाच्या त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे आणि आजच्या वनखात्याने ती वाचण्यासारखी आहे. मासे मारायला आणि विकायला अशोकाने कायमची बंदी घातली नाही. पौर्णिमा, उपोसथ असे वर्षातले ठराविक दिवस बंद ठेवले. मासेमारांच्या राखीव जागांचा उल्लेखही त्यात येतो. म्हणजे जीवही वाचावा आणि कोळ्याच्या चुलीवरचे मडकेही रिकामे राहू नये, असा विचार बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाने केला होता.

आता आपला कायदा पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २९ सांगते की, कोणत्याही कृतीने अभयारण्यातील वन्यप्राण्याच्या अधिवासाची नासधूस करता येणार नाही. तसेच अभयारण्यात येणारे किंवा बाहेर जाणारे पाणी वळवता, अडवता वा वाढवता येणार नाही. परवानगी मिळते, पण ते वन्यजीवांच्या भल्यासाठी आहे अशी खात्री पटली तरच. 'कोणत्याही कृतीने' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. जाळे टाकणे ही कृती आहे. गवत कापणे ही कृती आहे. मग नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीत सोडणे ही कृती नव्हे काय? त्या घाणीवर पोसलेल्या पाणवेली वाहत येतात, सायखेड्याच्या पुलाला अडकतात आणि सुटल्या की अभयारण्यात जाऊन पसरतात. रामसरच्या नोंदीत या जागेला धोका म्हणून काय लिहिले आहे? पाणवेलीसारख्या परक्या वनस्पती, दुष्काळ, आणि पिण्यासाठी व शेतीसाठी होणारे पाण्याचे नियमन व उपसा. भिल्ल वस्तीतल्या माणसाच्या गळाचा त्यात उल्लेख नाही. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, जगातून नाहीसा होण्याच्या टोकाला आलेला एक लहानसा मासा या नोंदीत आहे. त्याला गळाने संपवले की गटाराने, हे शाळेतले पोरही सांगेल.

शिक्षा कोणाला होते तेही पाहा. अभयारण्यात शिकारीचा गुन्हा सिद्ध झाला तर कलम ५१ प्रमाणे किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. पक्षी मारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, तो कोणत्याही जातीचा असो. पण हजारो पक्ष्यांचे पाणी नासवणाऱ्या शहराला काय होते? नोटीस जाते, उत्तर येते, मुदत मागितली जाते. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. चांगलेच केले. पण तपोवनाच्या खाली नदी वाहतच राहते आणि तिच्या काठी निफाडची गावे आहेत, हे त्या आंदोलनात फार थोड्यांना आठवले.

नांदूर मध्यमेश्वरला कौतुकाने 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात. म्हणणाऱ्यांनी भरतपूरची हकीकतही सांगितली पाहिजे. राजस्थानातील त्या पाणथळीला राष्ट्रीय उद्यान केल्यावर १९८२ मध्ये गावकऱ्यांच्या म्हशींना आत बंदी झाली. लोकांनी विरोध केला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अनेक वर्षे अभ्यास केला, तेव्हा दिसले की म्हशी खात होत्या ते गवत आता पाण्यावर माजले आहे आणि कित्येक पक्ष्यांना उघडे पाणीच उरलेले नाही. म्हशी पक्ष्यांच्या वैरी नव्हत्या. अर्थात गोळीने मेलेल्यांना या अभ्यासाचा उपयोग शून्य. आपल्या कायद्यात मात्र कलम ३३ प्रमाणे चराईचे नियमन करता येते आणि तशी परवानगी दिलेली चराई कलम २९ चा भंग धरली जात नाही. म्हणजे शहाणपणाला कायद्यात जागा आहे.

याच्या उलट सोलापूर-अहमदनगरचे माळढोक अभयारण्य. १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटर कागदावर घेतले. त्यात शहरे, कारखाने, बागायती सगळे आले. जमिनीचे व्यवहार अडले तशी ओरड झाली आणि शेवटी क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची ओरड ऐकू आली. ज्यांच्याकडे सातबाराच नाही, त्यांनी कोणत्या कार्यालयासमोर ओरडायचे?

खरा मुद्दा येथे आहे. अभयारण्य घोषित झाले की त्या क्षेत्रातील लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करायची असते. कलम २१ प्रमाणे आतल्या आणि शेजारच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा असतो. हे काम देशभर रखडलेले पाहून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये, दोन महिन्यांत जाहीरनामे काढा आणि वर्षाच्या आत चौकशी पुरी करा, असा आदेश दिला. २००२ च्या दुरुस्तीने कलम १८-अ आले. हक्क ठरेपर्यंत सरपण, चारा, वनोपज यांची पर्यायी सोय सरकारने करावी, असे ते म्हणते. वाचायला छान आहे. पण पुढे शब्द आहेत, 'सरकारी नोंदींप्रमाणे'. आमच्या माणसाची सरकारी नोंद कुठे असते? लव्हाळे कापणारी बाई, पाणकणसाच्या पात्यांच्या चटया विणणारे कुटुंब, रात्री मासे धरून सकाळी सायखेड्याच्या बाजारात विकणारा भिल्ल, यांच्या नावाचा फेरफार कोणत्या तलाठ्याने घेतला होता?

पाण्यावरचा हक्क कागदात अडकवण्याचा डाव जुना आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, ठरावात! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा विरोधक न्यायालयात गेले. तळे खाजगी आहे, वहिवाट आमची आहे, असा त्यांचा दावा. बाबासाहेबांनी तो दावा शेवटपर्यंत लढवला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. वहिवाट सांगून चालत नाही, सिद्ध करावी लागते, हे त्या निकालाने दाखवले. तेच हत्यार आज आपल्या हातात आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम २२ मध्ये, कोणी दावा न केलेले हक्कसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारी कागदांवरून आणि माहीतगार माणसाच्या साक्षीवरून शोधावेत, असे म्हटले आहे. माहीतगार माणूस म्हणजे नदीकाठचे म्हातारे. ती पिढी संपत चालली आहे. त्यांचे जबाब आत्ता लिहून घेतले नाहीत तर दहा वर्षांनी साक्षीला कोणी उरणार नाही.

वनहक्क कायदा २००६ हा दुसरा मार्ग. त्यात वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्ये घेतली आहेत आणि सामूहिक हक्कांत पाणवठ्यावरील मासे व चराई येतात. अनुसूचित जमातींखेरीज इतरांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य आणि अवलंबन सिद्ध करावे लागते. हा जलाशय मुळात त्याहून जुना आहे. बंधाऱ्याचे पाणी म्हणजे वनजमीन कशी, असा आक्षेप समोरचा वकील घेईल. घेऊ द्या, उत्तर कायद्याच्या व्याख्येतच आहे.

एका बाबतीत मात्र आपल्या चळवळीनेही स्पष्ट बोलले पाहिजे. पाणी उतरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन भूमिहीनांना द्या, अशी मागणी मधूनमधून ऐकू येते. भूमिहीनांचा लढा आपल्याला पवित्र आहे. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह उभे केले, ते याच जिल्ह्याचे. पण अभयारण्यातला तो चिखल थंडीतल्या पाहुण्यांचे ताट आहे. भूमिहीनाला जमीन पक्ष्याच्या ताटातून काढून द्यायची आणि ऊसवाल्याच्या बांधाला हात लावायचा नाही, ही सोयीची वाटणी आपण मान्य करू नये. दादासाहेबांच्या नावाने भूमिहीनांसाठी जमीन खरेदीची योजना आहेच. तिच्या दरात निफाडला द्राक्षबाग सोडा, बागेची पायवाटही मिळत नाही. तो दर वाढवून घेण्यासाठी लढावे.

गाळाचे काय? सरसकट गाळ काढला तर पाणथळ मरेल आणि काहीच केले नाही तर सायखेडा बुडत राहील. थंडीचे पाहुणे साधारण मार्चअखेर परत जातात, पूर पावसाळ्यात येतो. मधल्या काळात, आधी मोजणी करून, मुख्य धारेपुरता गाळ काढता येईल का, हे तज्ज्ञांनी उघडपणे सांगावे. कलम ३३-ब मध्ये प्रत्येक अभयारण्यासाठी सल्लागार समितीची तरतूद आहे. तीत आमदार, पंचायत राज संस्थांचे ३ प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे २, वन्यजीव क्षेत्रातले ३ आणि अधिकारी आहेत. मासेमार किंवा भूमिहीन यांच्यासाठी एकही जागा नाही. पूरग्रस्त वस्तीसाठी नाही. चापडगावला स्थानिक तरुण पक्षी दाखवण्याचे काम करतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांच्यात वस्तीवरची पोरे किती, हेही कोणीतरी मोजावे.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जगातल्या देशांनी २०३० पर्यंत पृथ्वीची ३० टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचे ठरवले. त्याच ठरावात मूलनिवासी आणि स्थानिक समाजांच्या हक्कांचा आदर करण्याचे बंधन घातले आहे. अमेरिकेने १८७२ मध्ये यलोस्टोन उद्यान केले आणि तिथल्या मूळ लोकांना हुसकावले. त्या धड्याला दीडशे वर्षे लागली. आपल्याला तेवढा वेळ नाही.

सायखेडा, चांदोरी आणि खालच्या गावांतील कार्यकर्त्यांनी आता एक काम करावे. नाशिक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यासाठी कलम २१ चा जाहीरनामा कोणत्या तारखेला, कोणकोणत्या गावांत लावला, किती दावे आले आणि त्यांवर काय निर्णय झाला, याच्या प्रती मागाव्यात. दुसरा अर्ज वन्यजीव विभागाकडे, सल्लागार समितीच्या सभांच्या इतिवृत्तांसाठी. अर्ज साध्या कागदावर चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. उत्तर ३० दिवसांत आले पाहिजे. न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करावे आणि अर्जाची पोहोच जपून ठेवावी.